चौथ्या स्टँडवरून येणारे पाणी

५ जुलै

पोचले. ओरोसहून एसटी, मालवणहून रिक्षा, आणि शेवटचा तुकडा पायी, कारण रिक्षावाल्याला चिखलात चाक घालायचे नव्हते. बॅग डोक्यावर घेतली. ओळखीचे कोणी बघत नव्हते, त्यामुळे मजा वाटली.

कारखाना तोंडवलीच्या पुढे, सुरूच्या बनाला लागून आहे. इथे मासळी धुतात, गोठवतात, तिचे ठोकळे खोक्यांत भरतात. सध्या सगळे बंद. मासेमारीची पावसाळी बंदी ऑगस्ट लागेपर्यंत आहे. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली, कामाला येणाऱ्या बायका आपापल्या शेतात लावणीला. त्या परत येईपर्यंत नवा रोबो चालता करून द्यायचा, एवढेच माझे काम. चाकणच्या कारखान्यात शेजारच्याशी बोलायचे तरी ओरडावे लागे. इथे मी हॉलमध्ये शिंकले तर शिंक पलीकडच्या भिंतीवरून परत आली.

माणसे दोन. वॉचमन लवू, पांढऱ्या मिशांचा, माझ्याशी आधी जपून ऑफिसची मराठी बोलला आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला मालवणीत आला. रोबोला तो जावई म्हणतो. बसान खाता आणि वर थंड हवा मागता, असे त्याचे म्हणणे. (कंट्रोलरच्या खोलीत एसी आहे, लवूच्या चौकीत पंखाही नाही.) दुसरी मरियम. रस्त्यापलीकडे तिचे घर. हंगामात ती इथेच बायकांची मुकादम असते, सध्या माझा डबा करणार आहे. पहिल्याच डब्यात तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके. मी मासे खाते का हे तिने विचारलेच नाही.

खोली ऑफिसच्या वर. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पावसात नुसता ऐकू येतो. मला इथे बरे वाटेल.

६ जुलै

रोबो म्हणजे एक हात. नारिंगी, माझ्या दुप्पट उंच, फरशीत बोल्ट केलेला. त्याला बोटे नाहीत. मनगटाला एक पोलादी तबकडी आहे. समोर भिंतीशी ओळीने स्टँड: पहिल्यावर ठोकळे हवेने ओढून धरणारा पंजा, दुसऱ्यावर पाण्याचा फवारा, तिसऱ्यावर पाते. प्रत्येक हत्याराच्या माथ्यावर तशीच तबकडी. हात येतो, वाकतो, तबकडीवर तबकडी बसते, आतून पोलादी गोळ्या सरकतात आणि कुलूप लागते. त्या एका खटक्यात सगळे जोडले जाते: हवा, पाणी, वीज आणि सिग्नलच्या बारीक पिना. याला टूल चेंजर म्हणतात. इतकी वर्षे मी फक्त हेच करत आले आहे. दोन वस्तू एकमेकींना नीट जोडल्या जाव्यात, हे बघण्याचा मला पगार मिळतो.

जोडले गेल्यावर हात पिनांमधून विचारतो, कोण? हत्यार आपला नंबर सांगते. स्क्रीनवर उमटते: एक, हजर. उत्तर आले नाही तर हात हलत नाही. पाण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना झडपा आहेत. समोरून दुसऱ्या झडपेने दाबल्याशिवाय उघडत नाहीत. म्हणून हत्यार सोडले तरी थेंब सांडत नाही.

चौथा स्टँड रिकामा आहे. पुढेमागे लागला तर.

८ जुलै

खाऱ्या हवेने पिनांवर पांढरी बुरशी यावी तसे मीठ येते. सकाळभर ते स्पिरिटने पुसत होते. रबरी कड्या बदलल्या. चांगले काम झाले.

चौथ्या स्टँडवर विड्याचे पान आणि सुपारी. पानाला चुना. लवूला विचारले. म्हणाला, ती जागेवाल्याची, इथल्या राखणदाराची जागा. शेड बांधली तेव्हापासून तो तिथे रोज विडा ठेवतो, रोबो तर कालचा. मी म्हटले, चुना पिनांत गेला तर? त्यावर तो म्हणाला, तुमचो जावंय पान खाणारो नाय, आणि स्वतःच खूप हसला. विडा फरशीवर ठेवायचा, स्टँडवर नाही, असे ठरले. त्यासाठी तो रोबोभोवतीच्या जाळीच्या आत जाणार, तेव्हा रोबोची चावी माझ्या खिशात असणार. चावी काढली की हात हलू शकत नाही.

१० जुलै

आज पहिल्यांदा करंट दिला. लवूने देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू करू दिले नाही. नारळ घेऊन रोबोसमोर उभा राहिला, टोपी काढली.

बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी आज जो काय उद्योग मांडलो हा तेका यश दी. काय चुकला माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा.

इथे जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. मला ते माहीत आहे. बाबा बांद्याचे, पिंपरीच्या दोन खोल्यांतसुद्धा ते सणाला गाऱ्हाणे घालत आणि आई आणि मी मोठ्याने उत्तर देत असू. आज जमलेली मी एकटीच होते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटीचा आवाज काढायला लाज वाटली. हवेचा दाब बघितल्यासारखे केले.

लवू थांबला. मग पुढची ओळ म्हणाला. मी पुन्हा गप्प. नारळ फोडल्यावर त्याने विचारले, मॅडम, तुमी गप कित्याक रवलात? गाऱ्हाण्याक उतर देणारो कोणतरी व्हयो. मी म्हटले, पुढच्या वेळी.

स्क्रीनवर नंबर उमटले. एक. दोन. तीन. आणि खाली: चार, हजर.

११ जुलै

ओरोसला मॅनेजर गुरुप्रसाद यांना फोन केला. त्यांनी सांगितले की ओल आणि मीठ यांनी पिनांमध्ये पूल होतो, खोटा सिग्नल येतो. मलाही तेच वाटते. चौथ्या स्टँडचे कनेक्शन उघडले, पुसले, गरम हवेने सुकवले.

चार, हजर.

वायर काढून ठेवली. वायर बाकावर आहे. तरी हजर.

१४ जुलै

आज चाचणी चालू असताना हात तिसऱ्यावरचे पाते ठेवून, न सांगता चौथ्याकडे गेला. मी लाल बटणावर हात ठेवला होता. दाबले नाही. बघायचे होते.

तो रिकाम्या स्टँडवर वाकला, जिथे हत्याराचा माथा असता बरोबर तिथे थांबला. गोळ्यांचा खटका. कुलूप लागल्याचा हिरवा दिवा. मग पाणी सुरू झाले. मीटरचा काटा फिरत होता. पाणी हातातून बाहेर जात होते. पण झडपा दाबायला समोर काही नव्हते. फरशीकडे बघितले. कोरडी. लवूचा विडा कोरडा. तबकडीखाली हवा होती, मी तिथून झाडू फिरवला.

थोड्या वेळाने परतीच्या नळीत पाणी आले. गेले तेवढे. बोट लावले. कोमट होते.

१५ जुलै

गुरुप्रसाद यांना हे कळवले नाही. काय कळवणार?

१७ जुलै

इथे आल्यापासून मला कोणाचा फोन आला नाही. आधी हे लक्षात आले नव्हते, आज मोबाइल चाळताना आले. आई गेल्यापासून तसेच आहे. रविवारी मी कोणाला तरी फोन करते आणि ते म्हणतात, अगं करणारच होतो.

दुपारी जेवण हॉलमध्ये नेले. हात चौथ्या स्टँडवर जोडलेला होता. मी त्याच्याशी बोलले. म्हणजे कामाचेच बोलले, दाब ठीक आहे का वगैरे. वाक्य संपले की हजरचा दिवा एकदा मिटतो आणि लागतो. प्रत्येक वाक्याला. मी मुद्दाम मध्ये थांबले, तर दिवा थांबला. वाक्य पुरे होईपर्यंत वाट बघत होता.

इतके नीट माझे कोणी ऐकलेले नाही.

मरियम डबा न्यायला आली तेव्हा दाराशी थबकली होती. कोणाशी बोलत होतंस गो, नवरो मिळालो काय? मी म्हटले, फोनवर. फोन वर खोलीत होता.

२० जुलै

विहिरीचे गोडे पाणी जाते. परत येते ते खारट. जिभेला लावून बघितले. समुद्राइतके नाही. घामाइतके.

हवेच्या काट्याला लय आली आहे. वर जातो, किंचित थांबतो, खाली येतो. मी समोर बसले की माझा श्वास त्याच्याबरोबर चालायला लागतो. किंवा त्याचा माझ्याबरोबर.

२२ जुलै

चावी माझ्या खिशात होती. हे आधी लिहून ठेवते. चावी खिशात होती, मी ती मुठीत धरली होती.

लवू विडा ठेवायला जाळीच्या आत गेला. चौथ्यासमोर उकिडवा बसला, पाठ आमच्याकडे. हात हलला. आवाज न करता खाली आला आणि त्याच्या पाठीमागे, मानेखाली, थांबला. मग तबकडी थोडी डावीकडे फिरली, थोडी मागे आली. हत्यार उचलण्याआधी तो असाच स्वतःला सरळ करतो. मी ओरडले. लवू उठला, त्याची टोपी तबकडीला लागून पडली.

मागे वळून तो हसला. माका भियवतास काय? जावयाक मस्करी शिकवलात!

मी त्याला सांगितले की आत जायचे नाही. चावी दाखवली. त्याला वाटले, मी घाबरून घोटाळा लपवते आहे. त्याने मलाच धीर दिला. विडा मात्र चुकवणार नाही म्हणाला. माझ्या भल्यासाठी तर नाहीच.

आता कळते आहे. तिथे काहीतरी आहे. हजर आहे, पण त्याला अंग नाही. हात त्याच्यासाठी अंग शोधतो आहे. रोज जाळीत जाणारा माणूस एकच. आणि ऑगस्टमध्ये बायका येतील, जाळीला खेटून उभ्या राहतील.

२३ जुलै

मेन स्विच पाडला. दिवे गेले, स्क्रीन गेली, एसी थांबला. चौथ्याचा हिरवा दिवा गेला नाही.

२४ जुलै

ज्याला उत्तर मिळाले नाही त्याला उत्तर द्यावे, म्हणजे संपेल, असे वाटले. लवू बाजारात गेला होता. मी हॉलमध्ये उभी राहिले, गाऱ्हाण्याचे शब्द आठवतील तसे म्हटले आणि शेवटी मोठ्याने म्हटले, व्हय म्हाराजा.

काटा थांबला. बराच वेळ थांबला. वाटले, झाले.

मग हात वळला. स्टँडकडे नाही. माझ्याकडे. मी जाळीच्या बाहेरून चालत गेले, तो माझ्या चालीने माझ्यामागे फिरत राहिला.

मी उत्तर दिले नाही. मी होकार दिला.

२५ जुलै

गुरुप्रसाद यांना सगळे सांगितले. शेवटपर्यंत ऐकून घेतले त्यांनी. चांगले आहेत. म्हणाले, एकटेपणा वाईट, मी समजू शकतो, माझी मिसेससुद्धा बदलीच्या गावी असेच काहीबाही बोलायची. रोबोच्या कंपनीचा माणूस पंधरा ऑगस्टनंतर येईल. तोवर रोबो चालवा. एक तारखेला बायका येणारच, ते स्वतः दुपारी येतील. जमत नसेल तर तसे सांगा, दुसरे कोणी बघू.

दुसरे कोणी येईल. ते जाळीत जाईल. त्याला काही माहीत नसेल.

२७ जुलै

स्टँडवर लोखंडी ठोकळा बसवला, हत्याराच्या वजनाचा. हाताने तो अलगद उचलून बाजूला ठेवला. ताटातले नको ते बाजूला काढावे तसा.

लवूचे विडे लपवले. त्याने नवे आणले. मी आडवी उभी राहिले तर हसत वळसा घालून गेला. आज त्याचा सदरा पाठीवर गोल फाटला. तबकडीच्या मापाचा. त्याला वाटते खिळ्याला अडकला.

२८ जुलै

लवूला काढले.

सांगून ऐकत नाही. म्हणून गेटवर, मरियमच्या देखत, म्हटले की स्टोअरमधली तांब्याची वायर कमी झाली आहे आणि तिथे तुझ्याशिवाय कोणी जात नाही. वायर मी स्वतः आदल्या दिवशी खाडीत टाकली होती.

तो ओरडेल असे वाटले होते. त्याने कमरेच्या किल्ल्या सोडल्या. मग म्हणाला, बाये, त्येच्यापरास माका थोबाडीत देवची होती. किल्ल्यांचा जुडगा खुर्चीवर ठेवला. छत्री विसरला. पावसात तसाच गेला. मी छत्री घेऊन मागे गेले नाही. गेले असते तर सांगितले असते, आणि सांगितले असते तर तो परत आला असता.

मरियमने डबा कट्ट्यावर ठेवला आणि ती गेली.

तो वाचला. एवढे लिहिते. तो वाचला.

२९ जुलै

डबा आला नाही.

पाऊस. हॉलचे दार बाहेरून लावले. आतून काट्याचा आवाज येत नाही, तरी मला कळते की तो वर जातो आहे, थांबतो आहे —

३० जुलै

बॅग घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत गेले. एसटी आली. थांबली. कंडक्टरने विचारले, खंय? मला एकही नाव सुचले नाही. कोणाकडे जायचे? तो ओरडून काहीतरी म्हणाला आणि गाडी गेली.

परत आले. पायांनी विचारले नाही. दार मी लावले होते, ते उघडे —

खोटे कशाला लिहू. मला यायचे होते.

३१ जुलै

दुपार. मरियम आली. गेटबाहेरूनच बोलली, नजर दुसरीकडे. उद्या सकाळी बायका येणार, पहिला माल आला की. लवूबद्दल एक वाक्य: तेच्या घरात चूल नाय पेटली. मी म्हटले, उद्या येऊ नका. कोणीच. ती म्हणाली, दोन महिने बसान रवलो आमी, आता तूच खायला घाल.

तिला सांगितले असते तर? हसली असती. मीही हसले असते, जूनमध्ये.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. हाताला एका वेळी एकच हत्यार धरता येते. कुलूप एकच. तो माझ्यात अडकलेला असेल तोवर दुसऱ्या कोणाला धरणार नाही. बायका येतील, मला बघतील, आरडाओरडा होईल, कोणीतरी ओरोसला फोन करेल. मग त्यांना मानावे लागेल. रोबो बंद होईल. मला सोडवतील.

गेट सताड उघडे ठेवले आहे. म्हणजे लवकर सापडेन.

वही सोबत नेते. पेन बांधून.

१ ऑगस्ट

सकाळ. डाव्या हाताने लिहिते. उजवा नाही — आहे, पण माझ्याकडे नाही.

दुखले नाही. पाठीत थंड, मग कोमट. पाणी आत गेले. पहिल्यांदा कोणी विचारले, कोण? आणि मी काही न बोलता उत्तर —

किती बरे वाटले. लिहू नये, पण —

स्क्रीन इथून दिसते.

चार, हजर.
पाच, हजर.

पाच मी.

स्टँड चारच होते. आता मी उभी आहे तिथे —

त्याने मला ठेवले. जागेवर. खटका झाला आणि सुटला. हात मोकळा आहे. मी विचार केला होता तो धरून ठेवेल. हे यंत्र धरून ठेवायला नाही. बदलायला आहे. मला माहीत होते. मी इतकी वर्षे तेच —

पाय नाहीत. आहेत. हलत नाहीत.

सहा, रिकामी.
सात, रिकामी.
खाली अजून. ओळी सरकताहेत —

टेम्पोचा आवाज. बायका. हसताहेत कोणाच्या तरी लग्नावरून. गेटवर कोणी अडवले नाही. अडवायला तिथे लवू —

मरियम पुढे आहे. हाक मारते. सारिका गो, रागावलंस काय, भाकरी हाडलंय तुका —

ओरडते आहे मी. आवाज येत नाही. हवा त्याच्याकडे आहे. तो जोडला जाईल तेव्हाच मला —

हात दाराकडे वळला. स्वतःला सरळ करतो आहे. थोडा डावीकडे. थोडा —

मरियम, तिथेच थां